चावी कुणाच्या खिशात?

गेल्या आषाढात हैदराबादेत, कोंडापूरच्या एकाच गल्लीत मी सात 'टु-लेट' पाट्या मोजल्या. सातही नंबर फिरवले. घरमालक एकही लागला नाही. चार पाट्यांवरचा नंबर तर एकाच माणसाचा.

भाचा नांदेडचा. नोकरीचं पत्र घेऊन देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबादला उतरला. बरोबर त्याच कंपनीत लागलेला परभणीचा मित्र. दोघांनी मिळून टू बीएचके घ्यायचा, पगारात बसेल असा, ऑफिसपासून फार लांब नसेल असा. मी या शहरात तीस वर्षं आहे, तेव्हा शोधाशोध मामाकडे. आठवड्याचं काम, असं आम्ही तिघांनीही धरलं होतं.

तीन आठवडे लागले. घरं बघण्यात त्यातले चार दिवस गेले असतील. बाकीचे दलालांच्या मागे.

पहिला दलाल स्कूटरवर आला. हातात चाव्यांचा जुडगा. प्रत्येक चावीला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बॉलपेनने फ्लॅटचा नंबर. वीसेक चाव्या सहज असतील. तो जुडगा बघितला की या धंद्याचं सगळं गणित कळतं. घर मालकाचं, भाडं भाडेकरूचं, पण दार उघडणार तो.

भाडं अठ्ठावीस हजार. अ‍ॅडव्हान्स दोन महिन्यांचा. मेंटेनन्स तीन हजार, वेगळा. आणि तुमचं?

"एक महीने का किराया, साब. सब जगह यहीच चलता."

'यहीच'मधला तो 'च' आपलाच, मराठीने दखनीला दिलेला. पण सगळीकडे हेच चालतं, हे ठरवलं कुणी?

कुणीच नाही.

घर विकत घेणाऱ्यासाठी २०१६चा रेरा कायदा आहे. नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्या दलालाला त्यात नोंदणी करावी लागते, क्रमांक घ्यावा लागतो, चूक केली तर दंड आहे. पण हा कायदा खरेदी-विक्रीपुरता. भाड्याचं घर दाखवणारा त्यात येतच नाही. फ्लॅट विकून देणारा नोंदलेला हवा. त्याच फ्लॅटची चावी देऊन अठ्ठावीस हजार घेणारा कुणीही चालतो.

मग भाड्याचा वेगळा कायदा नाही का? आहे की. १९६०चा, आंध्र प्रदेशाच्या काळातला, तेलंगणात आजही चालू असलेला भाडे नियंत्रण कायदा. मालकाने ठरलेल्या भाड्यावर पागडी घेऊ नये, आगाऊ रक्कम एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, असं त्यात लिहिलं आहे. एवढं वाचून धीर येतो. मग सूट देणारं कलम वाचायचं. महापालिकेच्या हद्दीत महिना साडेतीन हजारांपेक्षा जास्त भाड्याची घरं या कायद्यातून वगळलेली आहेत.

साडेतीन हजारांत कोंडापूरला आज एक खोली तरी मिळते का?

केंद्र सरकारने २ जून २०२१ला आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. करार लेखी हवा. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त नको. मालकाला घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवायला हवं. सगळं चांगलं, पण राज्याने आपला कायदा केला तरच लागू. आणि दलाली किती, ती द्यायची कुणी? त्यावर आदर्श कायदाही गप्प.

आता त्या एका महिन्याचा हिशेब मांडू. करार अकरा महिन्यांचा. अकराच का? कारण १९०८च्या मूळ नोंदणी कायद्यानुसार वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला सगळे बाराव्या महिन्याच्या अलीकडे थांबतात. अठ्ठावीस हजार गुणिले अकरा, तीन लाख आठ हजार. त्यावर दलाली अठ्ठावीस हजार. म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त.

घर विकताना दलाल साधारण एक-दोन टक्के घेतो. म्हणजे ज्याला घर घेणं परवडतं त्याला दोन टक्के, आणि ज्याला ते परवडत नाही त्याला नऊ.

शिवाय विकत घेणारा हे आयुष्यात एकदा-दोनदा देतो. भाडेकरू दर घर बदलताना देतो. मालकाचा मुलगा अमेरिकेतून परत येणार म्हणून देतो, भाडं एकदम पाच हजारांनी वाढवलं म्हणून देतो. घर सोडायला लावतो एक, नव्या घराची दलाली भरतो दुसरा.

दलालाच्या मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. उन्हात दहा घरं दाखवावीत तेव्हा एक व्यवहार होतो. पेट्रोल त्याचं, फोन त्याचा. लोक घर बघतात, त्याला चुकवून परस्पर मालकाला गाठतात आणि याला बुडवतात, हेही मी पाहिलं आहे. कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत.

प्रश्न एवढाच आहे, की काम कुणाचं केलं?

चावी त्याला दिली कुणी? मालकाने. घर रिकामं राहू नये ही घाई कुणाला? मालकाला. भाडेकरू नोकरी करतो का, पगार किती, मांस-मच्छी खातो का, ही चौकशी कुणासाठी? मालकासाठी. भाडं हजार रुपये कमी करा म्हटलं की दलाल कुणाच्या बाजूने बोलतो? मग बिल भाडेकरूच्या नावावर कसं फाडतात?

पुढचं सांगताना मला आजही राग येतो.

त्याच दिवशी त्याच जुडग्यातली दुसरी चावी. चौमजली इमारत, तिसरा मजला, दोन बाजूंनी वारा, स्वयंपाकघरात लांब ओटा. पोरांना घर आवडलं होतं. दलालाने नावं विचारली. भाच्याने सांगितलं. मग परभणीच्या मित्राने सांगितलं. त्याचं नाव मुसलमानाचं. दलालाने फोन काढला, जिन्यात गेला, मिनिटभराने आला.

"ओनर नक्को बोल रहे, साब."

नक्को. हाही शब्द दखनीला मराठीनेच दिला. तो त्या दिवशी परभणीच्या मराठी मुलाच्या तोंडावर येऊन पडला. मुलगा काही बोलला नाही. जिना उतरला आणि चप्पल घालता घालता भाच्याला म्हणाला, "तू घे, मी बघतो दुसरीकडे कुठेतरी."

भाचा म्हणाला, "घेतलं तर दोघं मिळून. नाहीतर मामाच्या हॉलमध्ये झोपू."

हे शहर महंमद कुली कुतुबशहाने १५९१मध्ये वसवलं. त्याच शहरात, चारमिनारपासून तासाभराच्या अंतरावर, महंमद नावाच्या मुलाला नाव सांगताच घर नाकारतात. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत. तिथे कुणाला अडवता येत नाही. भाड्याचं घर त्या यादीत नाही. आणि जे कायद्यात नाही ते दाराशी उभं राहून दलाल करतो.

नकार द्यायचं काम मालक त्याच्याकडून करून घेतो. त्याची मजुरी भाडेकरूने भरायची?

पूर्वी असं नव्हतं, असंही मी म्हणणार नाही. १९५६ला हैदराबाद राज्यातला मराठवाडा तुटून मुंबई राज्यात गेला. पण काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार इथली मराठी घरं इथेच राहिली. नांदेड-परभणीहून शिकायला, नोकरीला येणाऱ्याला तिथे खोली ओळखीने मिळायची. दलाल नसायचा, दलाली नसायची. पण ओळख म्हणजे काय? आडनाव. आडनाव जुळलं तर खोली, नाही जुळलं तर पाणी पाजून रवानगी. तेव्हा चाळणी फुकट होती.

आता चाळणीचे अठ्ठावीस हजार.

१९९८ला माधापूरला सायबर टॉवर्स उभा राहिला आणि शहर पश्चिमेला सरकत गेलं. माधापूर, गच्चीबावली, कोंडापूर, मणिकोंडा, मग कोकापेट. माणसं लाखांनी आली, ओळखीची एकही नाही. ओळखीची जागा चावीने घेतली. ते व्हायचंच होतं. पण एवढी माणसं दरवर्षी घर बदलतात आणि त्या देवघेवीची साधी पावतीसुद्धा फाटत नाही, हे का व्हायचं होतं?

मग साइटवर शोधा ना, असं पोरं म्हणाली. शोधलं. 'ओनर' म्हणून टाकलेल्या पाच जाहिरातींपैकी तीन दलालांच्या निघाल्या. एकाच स्वयंपाकघराचा फोटो तीन वेगवेगळ्या भाड्यांना. मालकाचा नंबर हवा तर आधी पैसे भरून प्लॅन घ्या. म्हणजे दलाल गेला नाही, फक्त स्कूटरवरून उतरला.

बाहेरच्या जगात हे कसं चालतं? जर्मनीने १ जून २०१५पासून नियम केला: ज्याने दलालाला काम सांगितलं, त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. इंग्लंडने १ जून २०१९पासून भाडेकरूकडून एजंटची फी घेणंच बंद केलं. न्यू यॉर्कमध्ये दलाली भाडेकरूच्या माथी मारायची जुनी रीत होती. जून २०२५पासून तिथेही, दलाल मालकाचा असेल तर पैसे मालकाचे.

यावर इथे ठरलेलं उत्तर येतं. मालक ती रक्कम भाड्यात घालतील, मग भाडेकरूच्या हाती काय लागलं?

घालू देत. भाडं पाटीवर लिहिलेलं असतं, आजूबाजूच्या चार घरांशी ताडून बघता येतं. दलालीचा आकडा दारात उभं राहिल्यावर कळतो. आणि मालक दलालाचं कायमचं गिऱ्हाईक आहे. तो घासाघीस करेल, पंधरा दिवसांवर आणेल, आठ दिवसांवरही आणेल. भाडेकरू आज भेटला, उद्या गेला. त्याच्यासाठी दर कोण कमी करतो?

पण असा कायदा इथे होईल तेव्हा होईल. पोरांना घर या महिन्यात हवं होतं.

मग उरतं काय? आपल्या हातात आहे तेवढं तरी करणं. आणि ते घर बघायच्या आधी. घर आवडलं, पोरांचे चेहरे खुलले, मग कमिशनचं काढलं, की हरलात. दलाल घर विकत नाही, तुमची घाई विकतो.

एक गोष्ट मात्र कायद्यात आपल्या बाजूची आहे आणि ती फार कुणी वापरत नाही. १८७२चा करार कायदा, कलम २१९. वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत एजंटचे पैसे देय होत नाहीत. म्हणजे 'टोकन द्या, घर धरून ठेवतो' हे त्याचं म्हणणं झालं, तुमच्यावरचं बंधन नव्हे. टोकन द्यायचंच तर मालकाला भेटून, मालकाच्या खात्यात, कशासाठी दिलं ते मेसेजमध्ये लिहून. आणि मालक खरंच मालक आहे का? वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती मागायची. त्यात लाज कसली? तुमचा आधार, पॅन, पगाराची स्लिप मागताना समोरच्याला लाज वाटते का?

दुसरं हत्यार पंचांगात मिळालं.

तेलुगू घरांत आषाढ, भाद्रपद आणि पौष हे शून्यमास. त्यांचा महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, तेव्हा त्यांचा आषाढ तोच आपला आषाढ. आपल्याकडे आषाढात वारी निघते. इथे आषाढात सामानाचा टेम्पो निघत नाही. नव्या घरात कुणी पाऊल टाकत नाही. घरं रिकामी राहतात, मालकांचे फोन दलालांना सुरू होतात. भाव करायचा तो त्या दिवसांत.

तिसऱ्या आठवड्यात चाव्यांच्या जुडग्यावाल्याचा फोन आला. "अब्बी बी ढूँड रै क्या, साब?" घर तेच, चौमजली इमारत, तिसरा मजला. दोन महिने रिकामं. मालकीणबाई रोज विचारत होत्या.

मी म्हटलं, आधी दलाली. मेसेज टाकला, चार ओळींचा. पंधरा दिवसांचं भाडं, चौदा हजार, करार सही होऊन चावी हातात आल्यावर, फोनवरून. रिन्यूअलला दलाली नाही. करारापूर्वी मालकाशी समोरासमोर भेट. सहा महिन्यांत मालकाने घर सोडायला सांगितलं तर निम्मे पैसे परत.

फोन आलाच. "इत्ती लिखापढी कायकू, साब?"

नंतर दोघांच्याही लक्षात राहत नाही म्हणून, असं सांगितलं. तो बराच वेळ बोलत राहिला. चौदातले तीन वॉचमनला जातात, चावी दुसऱ्या एका दलालाकडून आली आहे, चार त्याला. हातात सातच राहतात. खोटं बोलत नव्हता. तळघरात, इथल्या भाषेत सेल्लारमध्ये, कुटुंबासह राहणारा वॉचमन मी पाहिला होता. कुठला फ्लॅट कधी रिकामा होणार हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. शेवटी पहिल्या तीन अटी मान्य, चौथी नाही. मालकाने काय करावं हे माझ्या हातात नाही, म्हणाला. तेही खरं होतं. ती अट मी सोडली.

मालकीणबाई त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स घेतल्या, चष्मा लावला, दोन्ही नावं मोठ्याने वाचली आणि वहीत लिहून घेतली. भाडं पाच तारखेला. पाणी जपून.

पाण्याचं त्यांनी आपणहून सांगितलं, दलालाने नव्हतं सांगितलं. उन्हाळ्यात बोअर आटते, टँकर मागवतात, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेले नाहीत. न्हाणीघरातल्या नळावर खारट पाण्याचा पांढरा थर साचलेला दिसत होताच. पिण्यासाठी मात्र 'मंजीरा वॉटर' आहे, असं त्या अभिमानाने म्हणाल्या. आता शहरात कृष्णेचं पाणी येतं, गोदावरीचंही येतं. तरी नळाच्या चांगल्या पाण्याला जुनी माणसं मंजीराच म्हणतात. 'टु-लेट'च्या जाहिरातीत तो शब्द असला की भाडं वर चढतं. ही मंजीरा म्हणजे आपली मांजरा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते, लातूरकडून इकडे येते. त्याच लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. परभणीचा मुलगा हे ऐकत उभा होता. त्याच्या गावच्या बाजूचं पाणी त्याच्या आधी इथे पोचलं होतं.

मग मला राहवलं नाही. त्यांना विचारलं: तीन आठवड्यांपूर्वी या मुलाचं नाव ऐकून तुम्ही घर नाकारलं होतं ना?

त्यांनी चष्मा काढला. "मेरे को पूछेच नहीं."

फोन झालाच नव्हता. जिन्यात जाऊन मिनिटभर उभा राहून तो परत आला होता. मालकिणीच्या नावाने नकार त्यानेच दिला होता, तिला न विचारता, पुढची कटकट नको म्हणून. त्या नकारापायी तिचं घर आणखी तीन आठवडे रिकामं राहिलं आणि पोरं माझ्या हॉलमध्ये झोपली. अशा किती मालकांच्या नावावर न दिलेले नकार चढत असतील?

दलाल तिथेच दारात उभा होता. मान खाली घालून चावीचा पुठ्ठा सोडवत होता.

आणखी एक गोष्ट त्या बोलण्यात निघाली. पंधरा दिवसांचं भाडं त्याने त्यांच्याकडूनही घेतलं होतं. म्हणजे आमच्याकडून त्याला महिना मिळाला असता तर एका दाराचे बेचाळीस हजार. दोन्हीकडून घ्यायचं असेल तर दोघांनाही सांगून घ्यावं. आम्हाला हे कळलं ते मालकिणीशी समोरासमोर भेट झाली म्हणून. तिसरी अट त्यासाठीच हवी.

करार शंभराच्या स्टँप पेपरवर झाला, नोटरीच्या शिक्क्यासह, इथल्या रिवाजाप्रमाणे. आपल्या महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आणि जबाबदारी मालकाची. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तसं सांगतं. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. एवढं एक कलम या शहराने उचललं तरी पुष्कळ होईल. घर सोडताना 'पेंटिंग'च्या नावाने एका महिन्याचं भाडं अ‍ॅडव्हान्समधून कापायची इथली रीत आहे. करारात तीच ओळ छापलेली होती. मी बोट ठेवलं. मालकीणबाईंनी विचार केला आणि स्वतःच्या पेनने दुरुस्ती केली: दोन वर्षांच्या आत सोडलं तर नाही. बाजूला सही केली.

मागितलं म्हणून मिळालं. छापील ओळ बघून गप्प बसणारे किती?

भाडं श्रावणापासून. आषाढातले उरलेले दिवस घर बंद, पण भाडंही नाही, हे त्यांनीच सुचवलं. एकच अट घातली. सामान आणायच्या आधी दूध उतू गेलं पाहिजे. "पालु पोंगिंचाली," म्हणाल्या. आपण रथसप्तमीला करतो तेच, इथे नव्या घरात शिरताना.

श्रावणातल्या पहिल्या चांगल्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. रिकामं घर, ओट्यावर नवी शेगडी, स्टीलचं पातेलं मालकीणबाईंचं. काडी लावली ती परभणीच्या मुलाने. भाच्याचे हात चण्याच्या पिशवीने आणि दुधाच्या पाकिटांनी भरलेले होते. दूध चढलं, काठावर थबकलं, मग तिन्ही बाजूंनी उतू गेलं. ओट्यावरून ओघळून खालच्या फरशीवर आलं. बाईंनी हात जोडले. मुलाने नकळत ओट्याखालचं फडकं उचललं, तर त्याला थांबवलं. पुसायचं नाही, आज राहू दे.

दलाल आठला आला. चौदा हजार तिथेच फोनवरून दिले. मी वहीचं पान पुढे केलं. रक्कम, तारीख, फ्लॅट नंबर, आणि खाली एक ओळ: रिन्यूअलला कमिशन नाही. त्याने वाचलं, सही केली आणि पुठ्ठ्याचा तुकडा काढलेली चावी परभणीच्या मुलाच्या हातात दिली. भाच्याच्या नाही. माफी मागितली नाही. पण चावी त्याच्याच हातात दिली, ते मी पाहिलं.

परवा ज्येष्ठात त्याचा भाच्याला मेसेज आला. अग्रीमेंट संपत आलं, रिन्यूअल करून देतो, पंधरा दिवसांचं कमिशन. भाच्याने त्या पानाचा फोटो पाठवला.

दोन मिनिटांनी उत्तर आलं: "ठीक है." आणि लगेच खाली दुसरं: "ऑफिस में कोई ढूँड रा क्या?"

ढूँढत आहेत. लातूरच्या दोन मुली, याच महिन्यात रुजू झालेल्या. भाच्याने त्यांना नंबर दिला. नंबराआधी चार ओळींचा तो मेसेज पाठवला. चौथी अटही त्यात ठेवली आहे.